घाऊक भावातलं कपाळ

२ फेब्रुवारी, सकाळ

कडाव नाक्यावर गावातल्या सहदेवच्या मुलाच्या साखरपुड्याचा फ्लेक्स लागलाय. खाली शुभेच्छुकांचे फोटो. दुसऱ्या रांगेत मी. बघितला आणि हातातला चहा कडू झाला. दोन भुवयांच्या मध्ये दोन उभ्या आठ्या, वर कपाळभर आडव्या. बाकीचे सगळे शुभेच्छा देतायत आणि मी एकटा तक्रार घेऊन आलोय असं वाटतं.

चांगोला दाखवला. चांगो माझा लहानपणापासूनचा मित्र, दूध डेअरीत असतो. म्हणाला, फोटो बराबर हाय रं, तू हायसच तसा. डेअरीत बसणाऱ्याला सौंदर्यातलं काय कळणार.

संकल्प : कपाळ साफ करायचं. याच महिन्यात.

२ फेब्रुवारी, संध्याकाळ

नीट विचार केला. हा शौक नाही, गरज आहे. आसपासच्या गावांत लग्नाची बैठक असो की जमिनीचा सौदा, दशरथला नेल्याशिवाय सतरंजी पडत नाही. माझ्या शब्दाला वजन आहे म्हणून. खरं तर शब्द बोलायची वेळ फारशी येत नाही, चांगोच बोलतो. मी त्याच्या बाजूला बसतो. पण मी बसलो की समोरची पार्टी नरम पडते, हे सगळ्यांनी पाहिलंय. एवढ्या आठ्यांसकट ही किमया, तर प्रसन्न चेहऱ्याने काय होईल!

आणि आता बैठक घरचीच आहे. तेजूला, म्हणजे आमच्या तेजश्रीला, कुंभिवलीचं स्थळ आलंय. मुलगा अक्षय. हायवेला वडिलांचं टायरचं दुकान. पोरापोरीचं आधीच ठरलेलं, आम्हाला फक्त कळवण्यात आलं. अडचण एकच. मुलाचे वडील पदूशेठ यांना सून दुकानाच्या काउंटरवर बसायला हवी आहे. तेजू कर्जतच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. शिकून, रांगा लावून मिळवलेली नोकरी. ती सोडणार नाही म्हणते. मला म्हणाली, बाबा, बैठकीत एवढं एक तुम्ही बघा, बाकी मला काही नको. मी म्हटलं, झालंच समज.

आयुष्यात तिने माझ्याकडे फारसं मागितलेलं नाही. हे करायचंच.

८ फेब्रुवारी, दुपार

सातबारा काढायला जातो सांगून खालापूर. क्लिनिक हायवेलाच. काचेचं दार, आत थंडगार, गुलाबाचा वास. सोफ्यावर मुंबईच्या दोन बाया, फार्महाउसवर जाता जाता थांबलेल्या. एकीने माझ्या चपलांकडे बघून पर्स जवळ ओढली.

डॉक्टर रुचिता मॅडम. वयाने तेजूएवढ्याच. म्हणाल्या, काका, जोरात आठ्या पाडा. मी पाडल्या. त्या खुर्चीसकट थोड्या मागे सरकल्या. मग म्हणाल्या, बोटॉक्सने स्नायू सैल पडतात, तीन-चार महिन्यांनी परत पहिल्यासारखं होतं. डॉक्टर लोक असंच सांगतात. स्वतःच्या अंगावर काही घेत नाहीत.

काउंटरला समीक्षा नावाची मुलगी. भाव युनिटवर. मी मनात हसलो. जन्म गेला भात विकण्यात आणि म्हशी घेण्यात, मला भाव शिकवते. म्हटलं, दुप्पट घेतलं तर? ती आत जाऊन आली. युनिटमागे पन्नास रुपये कमी. मॅडम स्वतः बाहेर आल्या, काका, तुम्हाला एवढी गरज नाही म्हणाल्या. गिऱ्हाइकाला माल कमी घ्या म्हणणारा दुकानदार मी पहिल्यांदा बघितला. मी काही ऐकलं नाही. मग त्या म्हणाल्या की उरलेलं डोळ्यांच्या कडेला वापरू. वर समीक्षाने स्कीम सांगितली, गालात फिलर घेतलं तर त्यावरही सूट. खप्पड गाल भरून येतात. तेही घेतलं. एवढी सूट दिल्यावर नाही कसं म्हणायचं?

पैसे गोठ्याच्या पत्र्यांचे. जुने पत्रे अजून एक पावसाळा आरामात काढतील.

सूचना : चार तास वाकू नका, आडवे होऊ नका, कपाळ दाबू नका.

८ फेब्रुवारी, संध्याकाळ

कपाळ न दाबता धार काढणं अशक्य आहे, हे त्या मॅडमला कोण सांगणार? आमच्याकडे म्हशीच्या कुशीला कपाळ टेकवूनच धार काढतात. माणूस टेकला की ती पान्हा सोडते. आज ताठ बसलो तर ती मान वळवून बघायला लागली. मग बादली लाथाडली. बायको, सुनंदा, आतून ओरडली, आज म्हशीला काय झालंय?

शेवटी टेकवलं. डावी बाजूच फक्त. पाच मिनिटांत काय होतंय?

९ फेब्रुवारी

कपाळावर बारीक टिंबं उठलीत. सुनंदाला सांगितलं, गांधीलमाश्या चावल्या. तिने चुना आणला. तेजू लॅबला निघाली होती, जवळ आली, निरखून बघितलं. म्हणाली, बाबा, गांधीलमाशी सारख्या अंतरावर, एका रेषेत चावत नाही. दिवसभर लोकांना सुया टोचणारी पोर घरात असणं सोयीचं नाही.

आईला सांगू नकोस म्हटलं. तिने विचारलं, पण कशासाठी? म्हटलं, तुझ्याच बैठकीसाठी. ती डबा उचलून निघाली.

१४ फेब्रुवारी

चमत्कार! सकाळी आरशात बघितलं, आठी नाही. पाडायचा प्रयत्न केला, पडत नाही. कपाळ म्हणजे सारवलेलं अंगण. पैसे वसूल.

सुनंदा भाकरी थापता थापता थांबली. आवो, तुमचं कपाळ कुटं गेलं? म्हटलं, मन शांत ठेवलं की असं होतं. मी हल्ली चिंता सोडलीय. ती म्हणाली, पत्र्यांची पण सोडली काय?

१७ फेब्रुवारी

डाव्या डोळ्याची पापणी खाली आलीय. अर्धा डोळा मिटल्यासारखा. वर उचलायला गेलो तर उजवी भुवई एकटीच टोकाला वर जाते आणि डावीकडे काहीच होत नाही.

क्लिनिकला फोन लावला. समीक्षाने विचारलं, काका, मसाज केला होता का? म्हटलं, नाही. म्हशीचं बोललो नाही. तीन-चार आठवड्यांत पापणी वर येईल म्हणाली, तोवर ड्रॉप घाला. ड्रॉपचे पैसे वेगळे. पैसे देऊन अधू झालो आणि आता अधूपणाचेही पैसे द्यायचे. दुष्काळात तेरावा महिना.

गाल मात्र भरलेत. जरा जास्तच. तोंडात दोन्हीकडे पेढा धरल्यासारखे दिसतात. सूज असावी.

२२ फेब्रुवारी

आजचा प्रकार लिहावा की नाही कळत नाही. पण इथे खोटं लिहून उपयोग काय?

पळसदरीला चांगोच्या मेव्हण्याची धरणाजवळची जमीन. घेणारी पार्टी मुंबईची, पांढरी गाडी, काळा चष्मा. चांगो म्हणाला होता, तू नुसता नेहमीसारखा बस. बसलो. चांगोने भाव सांगितला. पार्टीने माझ्याकडे बघितलं. मी नेहमीप्रमाणे गंभीर झालो. म्हणजे आतून झालो. बाहेर काय दिसलं देव जाणे. पार्टी एकदम खुलली, चष्मा काढून हसली आणि भाव चक्क खाली मागितला. चांगोने पुन्हा तोच भाव सांगितला. पार्टी माझ्याकडे बघून मान हलवते आणि अजून खाली जाते.

मध्येच पार्टीने मला गाडीजवळ बोलावून घेतलं. हळूच म्हणाले, बॉस, तुमने आँख मारी, मैं समझ गया, तुम्हारा कमिशन अलग से. मी म्हटलं, पापणी आहे, आजार आहे. ते म्हणाले, हां हां, समझ गया.

सौदा फिसकटला. येताना चांगोने मोटरसायकल खड्डे न चुकवता हाणली. उतरल्यावर म्हणाला, दशरथ, तू त्याला डोळा मारलास? माझ्या मेव्हण्याच्या जमिनीवर? चाळीस वर्षांची मैत्री आणि हा विश्वास. फार वाईट वाटलं. वाईट वाटलेलं त्याला दिसलंही नाही, म्हणून आणखी वाईट वाटलं.

१ मार्च

माझा वाढदिवस. कर्जतच्या फ्लेक्सवाल्याला नवा फोटो पाठवला होता. पापणी दिसू नये म्हणून गॉगल घालून काढलेला. नाक्यावर जाऊन बघतो तर जुनाच फोटो! आठ्यांसकट, मोठ्ठा.

फोन केला. म्हणाला, काका, तुमी पाठवलेला फोटो कुणीतरी जास्तच एडिट केलेला वाटला, गाल फुगवलेले, वळखू येत नव्हता, म्हणून मी आपला जुना टाकला. मी म्हटलं, मग जुन्यातल्या आठ्या तरी काढायच्या! तो म्हणाला, आधी सांगायचं ना, आठ्या मी फुकट काढतो, एका क्लिकमध्ये.

फुकट. एका क्लिकमध्ये. दिवसभर जेवण गेलं नाही.

५ मार्च

शेजारच्या सोनाबाईचा म्हातारा गेला, त्याचा दहावा. नदीवर गेलो. कावळा लवकर शिवेना. सगळे ताटकळलेले, तोंडं उतरलेली. मीही दुःखी होतो, म्हातारा मला लहानपणी खांद्यावर घेऊन जत्रेला न्यायचा. सोनाबाई रडता रडता थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग सगळ्यांसमोर म्हणाली, दशरथा, माजा म्हातारा गेला त्याचं तुला लई बरं वाटलं काय रं?

गालांमुळे. गालातलं ते औषध दोन्ही कोपरे वर ढकलतं. मी काही हसत नव्हतो. पण हे नदीवर उभं राहून कुणाला समजावणार? मी मागच्या मागे निघालो. पुलावर आल्यावर खरंच डोळे भरून आले. चेहरा तसाच.

संकल्प : अंत्यविधीला तोंडाला रुमाल.

९ मार्च

माणगावच्या बैठकीला चांगो मला न घेता गेला. मला दुसऱ्यांकडून कळलं. डेअरीवर जाऊन जाब विचारला. चांगोने दूध मापायचं थांबवलं नाही. म्हणाला, दशरथ, खरं सांगू? रागावू नको. तू बैठकीत काय बोलायचास रं? कदी तरी बोललास? तुजं ते कपाळ व्हतं. समोरचा हुंडा म्हणो, लग्नाचा हॉल म्हणो, तुज्या कपाळाकडं बगायचा आणि आकडा खाली करायचा. आमी तुला कपाळासाठी न्यायचो. आता न्हेऊन काय करू? लोकांना वाटतं आमी पेढे वाटायला आलोय.

चोवीस तास म्हशींच्या दुधात पाणी शोधणारा माणूस. कुणाचं मोठेपण त्याला कधी सोसलंय? असूया, दुसरं काही नाही. मी लक्ष देत नाही.

लक्ष दिलं नाही तरी झोप लागत नाही, ते वेगळं.

१६ मार्च

पुन्हा खालापूर. या वेळी सातबाऱ्यात चूक निघाली असं सांगितलं. सुनंदा म्हणाली, एवढ्या चकरा मारताय, तलाठी झालात काय?

रुचिता मॅडमना स्वच्छ सांगितलं, तीन आठवड्यांनी मुलीची बैठक आहे, मला आठ्या परत हव्यात. त्यांनी पेन खाली ठेवलं. बोटॉक्स उलटं करायचं औषध नाही म्हणाल्या. वेळ हेच औषध. तीन-चार महिने म्हटलं होतं, पण तुम्ही दुप्पट घेतलंत, तुम्हाला थोडं जास्त लागेल.

म्हणजे घाऊक भावात घेतल्याची शिक्षा.

गालातलं फिलर विरघळवता येतं. त्याचं वेगळं इंजेक्शन. त्याचे वेगळे पैसे. भरायला पैसे, काढायला पैसे, वाटेतल्या ड्रॉपला पैसे! हौसेला मोल नसतं म्हणतात ते मोल सांगायची लोकांना लाज वाटते म्हणून. मी काउंटरवर चिडून बोललो. जोरात बोललो. समीक्षा म्हणाली, थँक यू काका, तुमच्यासारखे खूश कस्टमर कमी येतात, एक रिव्ह्यू टाकाल का?

नाही टाकला. फिलरही तसंच ठेवलं. पैसेच नाहीत.

५ एप्रिल

उद्या बैठक. पापणी एकदाची वर आली, देव पावला. कपाळ तसंच. आरशासमोर सराव केला. चिडलेला चेहरा : काही फरक नाही. नाराज चेहरा : काही फरक नाही. ठाम चेहरा : तोच.

हरकत नाही. उद्या शब्दांचं काम. मनात वाक्यं तयार आहेत. पदूशेठ, मुलगी नोकरी सोडणार नाही, पटत असेल तर पुढे जाऊ. साधं, सरळ. तेजूने रात्री जेवताना पुन्हा आठवण केली. म्हटलं, तुझ्या बापावर विश्वास नाही का? आहे म्हणाली.

६ एप्रिल, सकाळ

कडक इस्त्री, टोपी. टोपी खाली ओढून कपाळ झाकता येतं का बघितलं. डोळेही झाकले जातात. सतरंज्या टाकल्या. चांगो आला. मुलीच्या बाजूने तोच बोलणार. आमच्यात मुलीचा बाप बैठकीत बोलत नाही, भावकीतला नाहीतर गावातला कुणी बोलतो, बापाने शेवटी मान हलवायची. पण आज गरज पडली तर मी रीत मोडणार. ठरलंय.

६ एप्रिल, संध्याकाळ

झालं सगळं. यशस्वी. लग्न तुळशीच्या लग्नानंतर, आमच्या अंगणात, खर्च अर्धा अर्धा. तेजू नोकरी करणार. माझ्या शांत धोरणाचा विजय.

तपशील लिहून ठेवतो, पुढे विसरायला नको.

नोकरीचा विषय पदूशेठनीच काढला. म्हणाले, आमच्याकडं दुकानात घरचंच मानूस पायजे, जीएसटीची बिलं बाहेरच्याकडं देऊन चालत नाय, सूनबाईनी लग्नानंतर नोकरी सोडावी. चांगो म्हणाला, त्याचं बापाला विचारा. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी प्रचंड चिडलो होतो. हे मुद्दाम लिहितो : प्रचंड. मानेपर्यंत गरम झालो होतो. वाक्य जिभेवर होतं. तेवढ्यात पदूशेठ हात जोडून म्हणाले, बगा, व्याही हसले, व्याह्यांना पसंत हाय! आणि त्यांच्याकडच्या लोकांनी मान डोलावली. एवढ्या लोकांत, समोरचा हात जोडून उभा असताना, नाही कसं म्हणायचं? मी क्षणभर थांबलो. योग्य वेळेची वाट बघत होतो.

त्या वेळेत तेजू चहाचा ट्रे घेऊन आली. कप वाटले, ट्रे खाली ठेवला. गेली नाही, उभी राहिली. मध्येच म्हणाली की नोकरी मी सोडणार नाही, हे अक्षयला पहिल्यापासून माहीत आहे, बिलं रविवारी करून देईन. पदूशेठनी तिच्याकडे बघितलं आणि हातातली कपबशी खाली ठेवली. मग म्हणाले, बरं बरं, पोरीची इच्छा हाय तर करू दे, आमचं काय म्हननं नाय.

एकंदरीत माझ्या संयमामुळे वातावरण बिघडलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

७ एप्रिल

तेजू बोलत नाही. सुनंदाने मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, ती रात्री रडली. म्हणे, बाबांना चालत होतं, बाबा हसत होते.

मी तेजूला म्हटलं, अगं, मी चिडलो होतो. तिने माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, दिसलं नाही.

गालफडात मारल्यासारखं झालं. स्वतःच्याच पोरीला माझा राग दाखवता येत नाही. क्लिनिकवर केस टाकायची का? वकिलाला काय सांगणार, कपाळाने साक्ष दिली नाही?

१३ एप्रिल

सुनंदाला पावती सापडली. तहसीलच्या सातबाऱ्याच्या पिशवीतच ठेवली होती मी, अक्कल बघा. ती ओरडली नाही. फक्त आकडा मोठ्याने वाचला आणि गोठ्याकडे गेली. तिथून म्हणाली, एवढ्या पैशात म्हशीच्या डोक्यावर छप्पर आलं असतं, तुमच्या डोक्यात काय आलं?

सध्या कुणालाच उत्तर देत नाही. मौन.

२४ मे

चांगो परवा घरी आला होता. इतक्या दिवसांनी! मला वाटलं, माफी मागायला. चहा टाक म्हटलं सुनंदाला. चांगो बसला, इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणाला, रविवारी तमनाथला भाचीची बैठक हाय, मुलाकडचे हॉलसाठी लई ताणून धरतायत, तेजूला सुट्टी असंल काय? मी म्हटलं, तेजूला? तो म्हणाला, त्या दिवशी पोरीच्या कपाळाला पडल्या त्या आठ्या बगितल्या नायस तू? पदूशेठनी कप खाली ठेवला. अगदी तुजं कपाळ हाय तिचं. आणि वर बोलते पण.

ती जाणार म्हणाली. आज सोडायला मीच गेलो मोटरसायकलवर. बाहेर चपलांजवळ थांबलो. आतून तिचा आवाज येत होता, ठणठणीत. हॉल रद्द झाला. निघताना मुलाकडच्या एकाने मला विचारलं, तुमी वऱ्हाडी का ड्रायव्हर?

१९ जून

गोठा दोन ठिकाणी गळतो. म्हैस कोपऱ्यात उभी राहते. सुनंदाने माझा वाढदिवसाचा फ्लेक्स पत्र्यांवर उलटा टाकून दगड ठेवले. जाडजूड आहे, पाणी येत नाही. पत्रा कुजून पडलाय तिथून वर बघितलं की मी दिसतो. धार काढताना तो फोटो माझ्याकडे नाराजीने बघत असतो. अशी नाराजी पैसे देऊन घालवली मी.

२० जुलै

आली! सकाळी तोंड धुताना आरशात दोन बारीक उभ्या रेषा. जोर लावला, खोल झाल्या. पुन्हा जोर लावला. अगदी पहिल्यासारख्या! गालही उतरलेत. म्हणजे हे सुद्धा गंमतच, आनंद झालाय आणि कपाळाला आठ्या.

पहिलं काम ठरलेलं होतं. तेजू डबा भरत होती. म्हटलं, जरा इकडे बघ. तिच्यासमोर उभा राहिलो आणि सगळा जोर लावून आठ्या पाडल्या. म्हटलं, हे बघ, त्या दिवशी बैठकीत मी असा चिडलो होतो. आतून अस्सा. तुला तेव्हा दिसलं नाही, आता बघून घे.

तिने बघितलं. नीट बघितलं. डब्याचं झाकण लावलं. म्हणाली, कळलं बाबा. चिडला होतात. मग बोलला का नाहीत?

म्हटलं, चेहरा हलत नव्हता ना.

ती म्हणाली, सुया कपाळात होत्या, जिभेत नव्हत्या.

मी म्हटलं, मुलीच्या बापाने बैठकीत बोलायची रीत नाही.

ती म्हणाली, मुलीने बोलायची होती?

चिडून नाही म्हणाली. सहज विचारल्यासारखं. मग पिशवी घेतली, चप्पल घातली, येते म्हणाली आणि लॅबला गेली. मी आहे तिथेच उभा होतो. सुनंदा मागून म्हणाली, आवो, आता सोडा ती आठी, कवाधरनं तसेच उबे हायसा.